सीनियरचा प्रोजेक्ट तुमच्या लॅपटॉपवर का चालत नाही?

प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट ठरलेला असतो. काळी खिडकी, त्यात लाल अक्षरांच्या दोन-अडीचशे ओळी, आणि अगदी तळाशी: ‘एरर: फेल्ड बिल्डिंग व्हील फॉर डीलिब’. खाली प्रश्न, “कुणाला सुटलंय का हे?” एक उत्तर येतं, “पायथन काढून परत टाक.” दुसरं येतं, “विंडोजच फॉरमॅट मार.”

प्रोजेक्ट बहुतेक वेळा एकच असतो. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की चेहरा ओळखून हजेरी लावणारी सिस्टीम. कोड सीनियरकडून आलेला, किंवा गिटहबवरून घेतलेला. सीनियरच्या हार्डबाउंड रिपोर्टमध्ये स्क्रीनशॉट आहेत, म्हणजे २०२२ मध्ये तो चालत होता हे नक्की. कोडमधलं एक अक्षरही कुणी बदललेलं नाही. तरी आज तो चालत नाही, आणि मग बरेच जण निष्कर्ष काढतात की आपल्यालाच जमत नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत कोडच्या खालची जमीनच हलली आहे. ती कुठे कुठे हलली हे कळलं तर त्या लाल ओळी वाचता येतात.

आधी ‘बिल्ड’ म्हणजे काय ते थोडक्यात. बहुतेक पायथन लायब्रऱ्या आपल्याला तयार मिळतात. त्या तयार पाकिटाला ‘व्हील’ म्हणतात. पिप ते उतरवून घेतो, उघडतो आणि जागेवर ठेवतो, काम संपलं. पण तुमच्या पायथनच्या व्हर्जनसाठी आणि तुमच्या सिस्टीमसाठी तयार व्हील नसेल, तर पिप गुपचूप मूळ सोर्स कोड उतरवतो आणि तुमच्याच मशीनवर लायब्ररी बनवायला घेतो. तयार गुळाची ढेप आणायला गेलात आणि दुकानदाराने उसाची मोळी हातात दिली, तसं हे आहे. आता घरी चरक पाहिजे, काहील पाहिजे, चुलवाण पाहिजे. चरक म्हणजे कंपायलर. काय काय सामान जमलंय आणि कुठल्या क्रमाने काय करायचं, हे ठरवणारा गुळव्या म्हणजे सीमेक. यातलं एक जरी नसलं तरी गूळ होत नाही, आणि पिप शेवटी एवढंच सांगतो: गूळ झाला नाही.

डीलिबच्या बाबतीत तर पायपीआयवर अधिकृत व्हील नाहीच, फक्त सोर्स आहे. ही सी प्लस प्लसमधली लायब्ररी डेव्हिस किंग यांनी २००२ पासून वाढवत आणली आहे. आणि चेहऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये सगळे वापरतात ती ‘फेस रेकग्निशन’ लायब्ररी याच डीलिबवर उभी आहे. म्हणजे हजेरीचा प्रोजेक्ट घेतलेल्या प्रत्येकाला लायब्ररी स्वतः कंपाइल करावी लागते, तेही पायथन शिकून चार महिने झालेले असताना. अवघड आहेच ते.

शेवटची ओळ सोडा, वर चढा

‘फेल्ड बिल्डिंग व्हील’ ही ओळ निकाल सांगते, कारण सांगत नाही. कारण नेहमी वर असतं. त्यातही एक गोम आहे. एक चूक झाली की तिच्या पोटी वीस चुका होतात, त्यामुळे शेवटचा एरर नाही, पहिला एरर शोधायचा. तळाचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून काही उपयोग होत नाही तो यामुळेच. सगळं आउटपुट एका टेक्स्ट फाइलमध्ये घ्या, सर्चमध्ये ‘एरर’ टाका, आणि वरून खाली येताना पहिला जिथे सापडेल तिथे थांबा. पिप पुष्कळसं आउटपुट लपवतो. ‘व्हर्बोज’ पर्याय लावला की ते दिसतं.

डीलिबमध्ये वर चढल्यावर साधारण तीनपैकी एक गोष्ट सापडते. पहिली, सीमेक सिस्टीमवर नाही. दुसरी, विंडोजवर सी प्लस प्लसचा कंपायलर नाही. तेव्हा मेसेज स्पष्ट येतो की व्हिज्युअल स्टुडिओ लागेल. इथे बरेच जण ‘व्हीएस कोड तर आहे की’ म्हणून चिडतात. व्हीएस कोड हा नुसता एडिटर आहे, त्यात कंपायलर येत नाही. लागतात ते ‘व्हिज्युअल स्टुडिओ बिल्ड टूल्स’, तेही ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी प्लस प्लस’ हा भाग निवडून. डाउनलोड काही जीबींचं आहे. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर हॉटस्पॉट लावून बसलेल्या माणसाला हा सल्ला देणं सोपं आहे, पाळणं नाही. कॉलेजच्या लॅबमधून एकदाच ऑफलाइन इन्स्टॉलर बनवून पेनड्राइव्हवर फिरवता येतो. मायक्रोसॉफ्टने तशी सोय दिलेली आहे.

तिसरी गोष्ट नवी आहे, आणि जास्तीत जास्त लोक तिथेच अडकलेत. यूट्यूबवरचे बहुतेक जुने व्हिडिओ सांगतात: आधी पिपने सीमेक टाका, मग डीलिब टाका. २०२२ मध्ये हे चालायचं. मार्च २०२५ मध्ये सीमेकचं ४.० व्हर्जन आलं आणि त्याने ३.५ च्या आधीच्या सीमेकसाठी लिहिलेल्या प्रोजेक्टांशी असलेली सुसंगती काढून टाकली. ३.५ हे २०१६ चं व्हर्जन. प्रत्येक प्रोजेक्टच्या सीमेक फाइलमध्ये ‘मला किमान अमुक व्हर्जन लागेल’ अशी ओळ असते, आणि सीनियरच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये गोठवून ठेवलेल्या २०२१-२२ च्या डीलिबमध्ये ती ओळ २.८ च्या घरातली आहे. आज तोच व्हिडिओ बघून तीच कमांड मारली की पिप सीमेक चौथ्या पिढीचा आणतो, तो जुन्या फाइलकडे बघतो आणि सरळ नकार देतो. व्हिडिओ बरोबर, कमांड बरोबर, तरी निकाल वेगळा. खालच्या कमेंट्समध्ये ‘नॉट वर्किंग’ची रांग लागते ती यामुळे.

उपाय दोन आहेत. सीमेकला ‘पॉलिसी व्हर्जन मिनिमम ३.५’ हा पर्याय देऊन जुन्या फाइलला चालवून घ्यायला सांगता येतं. एररच्या मेसेजमध्येच तो पर्याय लिहिलेला असतो, पण कुणी वाचत नाही. दुसरा उपाय म्हणजे डीलिबचंच नवं व्हर्जन घेणं. माझं मत विचाराल तर दुसराच. पहिला उपाय म्हणजे गळक्या पत्र्यावर प्लास्टिक टाकणं. एक पावसाळा निघतो.

जमीन कुठे कुठे हलली

सीमेक एकटाच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं आणि त्यातून ‘डिस्टयुटिल्स’ काढून टाकलं गेलं. लायब्रऱ्या बनवण्याचं हे पायथनमधलं जुनं अवजार. त्यामुळे जुनं नमपाय ३.१२ वर बनतच नाही. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये नमपाय १.२१ लिहिलेलं असेल आणि तुमच्या लॅपटॉपवर पायथन ३.१२ असेल, तर व्हील मिळत नाही, पिप सोर्सकडे वळतो आणि तिथे आपटतो. आपण मात्र नमपायला शिव्या देत बसतो.

मे २०२४ मध्ये जीसीसी १४ आला. सी भाषेत एखादं फंक्शन आधी जाहीर न करताच वापरलं तर पूर्वी कंपायलर फक्त वॉर्निंग देऊन पुढे जायचा. आता तो थेट एरर देतो. एप्रिल २०२५ मध्ये जीसीसी १५ आला. तो काही सांगितलं नाही तर सी भाषेचा २०२३ चा नियमसंच धरून चालतो. त्या संचात ‘बूल’ हा भाषेचा राखीव शब्द झाला आहे. जुन्या कोडमध्ये कुणी स्वतःच ‘बूल’ची व्याख्या केली असेल, तर ती आता चालत नाही.

हे कळलं की एक रोजचं कोडं सुटतं. तुमच्या रूममेटच्या उबुंटू २४.०४ वर लायब्ररी बनते आणि तुमच्या फेडोरा ४२ वर बनत नाही, असं का? कारण त्याच्याकडे जीसीसी १३ आहे आणि तुमच्याकडे १५. तुमचं मशीन बिघडलेलं नाही, तुमच्याकडचा कंपायलर जास्त कडक आहे एवढंच.

अवजारं बनवणाऱ्यांनी हा छळ मुद्दाम मांडलाय का? नाही. ती जी वॉर्निंग होती, तिच्यामागे खरे घोटाळे लपत होते. फंक्शन जाहीर केलेलं नसेल तर जुना कंपायलर धरून चालायचा की ते साधा पूर्णांक परत देतं. प्रत्यक्षात ते मेमरीचा ६४ बिटांचा पत्ता परत देत असेल, तर त्यातले अर्धे बिट कापले जायचे आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळायचा. म्हणजे पूर्वी बिल्ड व्हायचं आणि नंतर प्रोग्राम पडायचा, आता बिल्डच अडतं. मला दुसरं बरं वाटतं. पण याची किंमत कोण मोजतं तेही बघा. ज्या लायब्ररीला सांभाळणारं कुणी आहे, तिथे महिन्याभरात दुरुस्ती होते. जी लायब्ररी कुणीतरी लिहून सोडून दिली, तिची किंमत ती वापरणारा शेवटचा माणूस मोजतो, आणि आपल्याकडे तो माणूस बहुधा प्रोजेक्ट वर्षातला विद्यार्थी असतो. चेहऱ्यांच्या त्या ‘फेस रेकग्निशन’ लायब्ररीचं १.३.० हे व्हर्जन फेब्रुवारी २०२० मध्ये पायपीआयवर आलं. त्यानंतर तिथे नवं व्हर्जन नाही.

म्हणून एरर दिसला की पहिला प्रश्न ‘मी काय चुकलो’ हा नको. ‘यातलं कोण जुनं आणि कोण नवं’ हा विचारा. लायब्ररीचं साल, पायथनचं साल, कंपायलरचं साल, सीमेकचं साल. चौघांची वयं एका कागदावर लिहा. पाच वर्षांचं अंतर दिसलं की निम्मं निदान झालं.

खोटं बोलणारे एरर

काही एरर मात्र सरळ दिशाभूल करतात. डीलिब एकदाचं बनलं, सुटकेचा श्वास सोडला, प्रोग्राम चालवला आणि मेसेज आला: ‘आधी फेस रेकग्निशन मॉडेल्स इन्स्टॉल करा’. तुम्ही केलं. परत तोच मेसेज. परत केलं. परत तोच. रात्रीचे दोन वाजतात.

मॉडेल्स इन्स्टॉल झालेलीच असतात. झालंय असं की ती लायब्ररी मॉडेल्स उघडून बघते, आणि उघडताना कुठलीही अडचण आली तरी एकच छापील मेसेज दाखवते. खरी अडचण वेगळीच आहे. मॉडेल्सचं पॅकेज ‘पॅकेज रिसोर्सेस’ नावाचा भाग वापरतं, तो सेटअपटूल्सबरोबर येतो, आणि पायथन ३.१२ पासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही. सेटअपटूल्स टाकलं की मेसेज गायब होतो. पण त्यातही आता मेख आहे. ३० नोव्हेंबर २०२५ नंतर ‘पॅकेज रिसोर्सेस’ कधीही काढून टाकलं जाईल असा इशारा सेटअपटूल्सवाल्यांनी आधीच दिला होता आणि त्याच इशाऱ्यात ८१ च्या खालचं व्हर्जन धरून ठेवायला सांगितलं होतं. तेव्हा नुसतं सेटअपटूल्स न मागता ‘८१ पेक्षा कमी’ असं मागा.

दुसरा असाच ठग: ‘अनसपोर्टेड इमेज टाइप, मस्ट बी एट बिट ग्रे ऑर आरजीबी इमेज’. पोरं फोटो जेपीजीचा पीएनजी करतात, रंग बदलतात, नवा फोटो काढतात. फोटोत काहीच वाकडं नसतं. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं आणि जुनं डीलिब त्याच्याशी नीट बोलू शकत नाही. नमपाय १.२६ वर परत या, किंवा डीलिब नवं घ्या.

असले एरर ओळखायचे कसे? सांगितलेला उपाय एकदा नीट करूनही अक्षर न अक्षर तोच मेसेज आला, तर मेसेजवर विश्वास ठेवणं थांबवायचं. मग पायथन उघडायचं आणि मेसेजमध्ये नाव असलेलं पॅकेज स्वतः हाताने इम्पोर्ट करून बघायचं. मधला पडदा निघाला की खरा एरर समोर येतो. या प्रकरणात तो तीस सेकंदांत दिसतो.

एआय चॅटबॉटला विचारण्याबद्दल दोन शब्द. विचारा जरूर, पण त्याला शेवटची ओळ देऊ नका. पहिला एरर आणि चौघांची व्हर्जनं द्या. नुसत्या शेवटच्या ओळीवर तो २०२१ ची उत्तरं देतो, कारण इंटरनेटवर तीच जास्त आहेत. आणि लिनक्सवर त्याने ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ हा पर्याय सुचवला, तर त्या पर्यायाचं नावच पुन्हा एकदा वाचा.

ड्राइव्हवरचं तयार व्हील

एवढा त्रास बघून ग्रुपवरचा एखादा दयाळू माणूस गूगल ड्राइव्हची लिंक टाकतो: “हे घ्या डीलिबचं तयार व्हील, मारा इन्स्टॉल.” गिटहबवरही अनोळखी लोकांनी बनवलेली अशी व्हील्स पडलेली आहेत. त्यातली निम्मी चालत नाहीत, कारण फाइलच्या नावातच पायथनचं व्हर्जन असतं. ‘सीपी३१०’ म्हणजे पायथन ३.१०. तुमच्याकडे ३.१२ असेल तर ‘नॉट अ सपोर्टेड व्हील ऑन धिस प्लॅटफॉर्म’ येणार. फाइलचं नाव बदलून चालत नाही, तो प्रयोग बहुतेकांनी करून झालाय.

पण मला काळजी वाटते ती चालणाऱ्या व्हील्सची. ते कुणी बनवलं, बनवताना आत आणखी काय घातलं, हे कळायला मार्ग नाही. आणि तोच लॅपटॉप, तोच ब्राउझर, त्यातच फोनचं व्हॉट्सॲप जोडलेलं आणि बँकेचं लॉगिन.

हा धोका पुस्तकी नाही. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरने जाहीर केलं की ‘एक्सझेड’ या कॉम्प्रेशन लायब्ररीत चोरवाट घातलेली आहे. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करताना त्यांना आपल्या मशीनवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं होतं. ते खणत गेले आणि हे सापडलं. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ मदत करून विश्वास मिळवला होता. ५.६.० आणि ५.६.१ ही व्हर्जनं बाधित होती. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील असा, की चोरवाट सुरू करणारा तुकडा गिटमधल्या कोडमध्ये नव्हताच. तो फक्त रिलीजच्या संकुचित फाइलमधल्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये होता आणि बाकीचा माल चाचणीच्या फाइलींमध्ये दडवलेला होता. लायब्ररी बनवताना तो आपोआप आत शिरायचा. म्हणजे ‘सोर्स उघडा आहे ना, मग भीती कसली’ एवढं म्हणून भागत नाही. बिल्ड स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर तुमच्याच अधिकाराने चालते.

मग स्वतः कंपाइल करायचं नाही आणि अनोळखी व्हीलही नको, तर काय? कोंडा-फोर्ज. तिथे डीलिब तयार मिळतं, ते कोणत्या पाककृतीने बनवलं ते सगळ्यांसमोर असतं, आणि बनवणारी मशीन कुणा एकाचा घरचा लॅपटॉप नसते. शंभर टक्के खात्री कुठेच नाही, पण ड्राइव्हच्या लिंकपेक्षा हे कितीतरी बरं.

‘मिरज’ची वेलांटी

एक बिल्ड एरर असा आहे जो एरर देतच नाही, आणि तो फक्त आपल्यासारख्यांना चावतो. हजेरीच्या प्रोजेक्टमध्ये चेहऱ्याच्या चौकटीवर मराठीत नाव दाखवायचं ठरवलं, की ओपनसीव्हीच्या ‘पुट टेक्स्ट’ने नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग येते. त्याच्या अंगच्या फाँटमध्ये देवनागरी नाहीच. मग सगळे पिलो लायब्ररीकडे वळतात, देवनागरी फाँट देतात आणि नाव उमटतं. पण ‘मिरज’मधली वेलांटी ‘म’च्या आधी न येता नंतर येते, आणि ‘कृष्णा’मधला ‘ष्ण’ पाय मोडून वेगवेगळा दिसतो. पोरं फाँट बदलत बसतात.

फाँटचा दोष नाही. देवनागरीत अक्षरं टाइप होण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो, आणि ती जुळवाजुळव पिलोमध्ये ‘राक्म’ नावाची लायब्ररी करते. पिलो सोर्समधून बनवताना राक्म सापडलं नाही तर बिल्ड थांबत नाही. ते ऐच्छिक आहे म्हणून पुढे जातं, आणि ‘राक्म सपोर्ट उपलब्ध नाही’ एवढी एक ओळ शेवटच्या गोषवाऱ्यात टाकतं, जी पिप नेहमीप्रमाणे लपवतो. हिरवा मेसेज येतो: सक्सेसफुली इन्स्टॉल्ड. इंग्रजी अक्षरांना काहीच फरक पडत नाही, म्हणून जगातल्या बहुतेकांना हे कळतही नाही. तयार व्हीलमध्ये राक्म असतं, पण त्याला सोबत ‘फ्रिबिडी’ सिस्टीमवर लागते, ती नसेल तर ते झोपूनच राहतं. पिलोच्या ‘फीचर्स’मध्ये राक्म आहे का हे एका ओळीत विचारता येतं. उत्तर ‘फॉल्स’ आलं तर फाँट बदलणं थांबवा.

फोनवर बिल्ड, फोनसाठी बिल्ड

लॅपटॉप नसलेले बरेच जण टर्मक्समध्ये, म्हणजे फोनवरच, हे सगळं करून बघतात. कौतुक आहे. पण तिथे पायपीआयवरची लिनक्सची व्हील्स चालत नाहीत, कारण अँड्रॉइडची मूळ सी लायब्ररीच वेगळी आहे. त्यामुळे पिपने नमपाय मागितलं की फोन अर्धा-अर्धा तास कंपाइल करत तापतो. पिपऐवजी टर्मक्सच्या स्वतःच्या ‘पीकेजी’ने ‘पायथन-नमपाय’ मागा, ते तयार येतं. बिल्ड चालू असताना ‘सिग्नल ९’ म्हणत सगळं अचानक बंद पडलं, तर तो कोडचा दोष नाही. अँड्रॉइड १२ पासून ॲप्सनी मागे चालवलेल्या प्रोसेसवर ३२ ची मर्यादा आहे. ती ओलांडली की सिस्टीम मारून टाकते. रॅम संपली तरी तेच होतं. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही मोठी सी प्लस प्लस लायब्ररी बनवताना ‘किल्ड’ असं दिसतं. आठ कामं एकदम न देता एकेक करून द्या. वेळ जास्त जाईल, पण बिल्ड पुरं होईल.

फोनसाठी ॲप बनवणाऱ्यांवर तर वेगळीच पाळी आली आहे. फोनची मेमरी ‘पानां’मध्ये वाटली जाते, आणि अँड्रॉइडवर आजवर एक पान ४ केबीचं होतं. आता ते १६ केबीचं होऊ घातलंय. १ नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरवर येणारी नवी ॲप्स आणि अपडेट्स, जी अँड्रॉइड १५ किंवा पुढच्यासाठी आहेत, त्यांनी १६ केबीची पानं चालवून घेतली पाहिजेत असा गूगलचा नियम आहे. मेमरी कमी असताना ॲप उघडण्याचा वेळ सरासरी ३.१६ टक्क्यांनी घटतो, असं गूगलचं मोजमाप आहे. नुसतं कोटलिन किंवा जावामधलं ॲप असेल तर काही करावं लागत नाही. पण आत सी किंवा सी प्लस प्लसची लायब्ररी असेल, म्हणजे ओपनसीव्ही, एखादं पीडीएफचं किंवा चेहरा ओळखण्याचं एसडीके, तर ती पुन्हा बनवावी लागते. एनडीके आर२८ पासून हे आपोआप होतं. त्याआधीच्या एनडीकेमध्ये लिंकरला ‘मॅक्स पेज साइज १६३८४’ असं सांगावं लागतं. ज्यांनी चार वर्षांपूर्वी कुठूनतरी तयार ‘डॉट एसओ’ फाइल उचलून प्रोजेक्टमध्ये टाकली होती, आणि तिचा सोर्स कुठला हे आता आठवत नाही, त्यांच्याकडे पर्यायच उरत नाही.

रिपोर्टमध्ये काय नसतं

शंभर पानांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये युज केस डायग्राम असतो, प्रस्तावना असते, आभार असतात. पायथनचं नेमकं व्हर्जन, डीलिबचं, सीमेकचं, कंपायलरचं व्हर्जन नसतं. चार ओळींचा मजकूर. तो असता तर पुढच्या वर्षीच्या बॅचचा आठवडा वाचला असता. परीक्षकांनी तो मागावा असं मला फार वाटतं. ‘तुमचा प्रोजेक्ट आत्ता या दुसऱ्या मशीनवर टाकून दाखवा’ एवढा एक प्रश्न व्हायवामध्ये विचारला, तर सगळं चित्र बदलेल. सोपं काम ‘पिप फ्रीझ’ करतं, पण त्यात पायथन आणि कंपायलरचं व्हर्जन येत नाही, ते हाताने लिहा.

आणि विचारायला माणसं आहेत. सांगलीच्या वालचंद कॉलेजात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, इतर कॉलेजांतही कोडिंग क्लब आहेत. तिथे जाताना मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नेऊ नका. पहिल्या एररच्या वरच्या-खालच्या दहा-दहा ओळी टेक्स्टमध्ये, सिस्टीमचं नाव, चौघांची व्हर्जनं, आणि आत्तापर्यंत काय करून बघितलं ते न्या. हे लिहून काढतानाच निम्म्यांना उत्तर सापडतं.

सबमिशनला पंधरा दिवस उरले असतील आणि डीलिब अजून बनत नसेल, तर ते सोडून द्यायलाही हरकत नाही. ओपनसीव्हीमध्ये ४.५.४ पासून, म्हणजे २०२१ च्या ऑक्टोबरपासून, चेहरा शोधणारं ‘युनेट’ आणि ओळखणारं ‘एसफेस’ आतच आहे. त्याचं तयार व्हील पायपीआयवर मिळतं, कंपायलर लागत नाही, सीमेक लागत नाही. दोन मॉडेल फाइली ओपनसीव्हीच्या अधिकृत मॉडेल झूमधून उतरवाव्या लागतात, एक काही शे केबीची आणि दुसरी चाळीस एमबीच्या आतली. कोडमधली चेहरा शोधण्याची आणि जुळवण्याची फंक्शन्स बदलावी लागतील, बाकी हजेरीची एक्सेल शीट आणि वेब पेज आहे तसंच राहील. पिपला ‘ओन्ली बायनरी’ असं सांगून इन्स्टॉल करा, म्हणजे तो गुपचूप सोर्सकडे वळणार नाही. व्हील नसेल तर तिथल्या तिथे नाही म्हणेल.